कोपर नजरेआड नको

खांद्याचा सांधा बदलल्यावर घरी जाताना हातात पडणारा व्यायामाचा कागद बहुतेक वेळा झेरॉक्सची झेरॉक्स असतो. सहा आठवडे हात गळ्यात अडकवायचा पट्टा, मग हलका व्यायाम, तीन महिन्यांनी वजन. त्यात चुकीचं काही नसतं, पण तो कागद नेमका कुणासाठी आहे ते त्यात कुठेच नसतं. झिजेमुळे सांधा बदललेल्या, स्नायू शाबूत असलेल्या ६२ वर्षांच्या गृहस्थांना तोच कागद, आणि बाथरूममध्ये घसरून दंडाच्या हाडाचं डोकं चार तुकड्यांत फुटलेल्या ७८ वर्षांच्या आजींनाही तोच. एकाचा खांदा त्या कागदामुळे आखडतो, दुसऱ्याचा निखळतो.

म्हणून व्यायामाआधी फिजिओथेरपिस्टने फाईल मागवायची. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'शोल्डर रिप्लेसमेंट' लिहिलेलं असेल तर ते पुरेसं नाही. ऑपरेशन नोट हवी, आणि ती नसेल तर सर्जनला एक फोन. विचारायचं एवढंच: सांधा साधा की रिव्हर्स? खांद्याच्या पुढचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू कापून शिवला का, आणि शिवल्यावर ऑपरेशन टेबलावर हात बाहेरच्या बाजूला किती अंश वळत होता? हाडाचे तुकडे बांधलेत का? बायसेप्सची, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूची, शीर (स्नायू हाडाला बांधणारी दोरी, रक्तवाहिनी नव्हे) सोडवून दुसरीकडे बसवली का? हाड कसं लागलं, घट्ट की भुसभुशीत? पाच मिनिटांत मिळणाऱ्या या उत्तरांवर पुढचे तीन महिने ठरतात.

साधा की रिव्हर्स हे एक्स-रेवरही कळतं. साध्या म्हणजे अनॅटॉमिक सांध्यात चेंडू दंडाच्या हाडावर आणि वाटी फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या, बाजूला असते, निसर्गाने ठेवली तशीच. रिव्हर्समध्ये उलट: धातूचा अर्धगोल फऱ्यावर घट्ट बसवलेला आणि वाटी दंडाच्या हाडाच्या टोकावर. ही कल्पना फ्रान्समधल्या दिजाँचे सर्जन पॉल ग्रामों यांनी १९८५च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. रोटेटर कफ, म्हणजे सांध्याला वेढून धरणाऱ्या चार स्नायूंच्या शिरा, पार फाटला असेल तर साधा सांधा टिकत नाही, कारण चेंडू वाटीत दाबून धरायला कुणी उरत नाही आणि डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा मोठा स्नायू, त्याला नुसता वर ओढत राहतो. रिव्हर्समध्ये सांध्याचं फिरण्याचं केंद्र आत आणि खाली सरकवलं की त्याच डेल्टॉइडला लांब तरफ मिळते आणि कफशिवायही हात वर जातो. थोडक्यात, साध्या सांध्यात आपण एक शिवण राखत असतो, तर रिव्हर्समध्ये सांध्याचं स्थैर्य आणि डेल्टॉइडचा ताण.

आधी शिवणीचं बघू. सांध्यापर्यंत पुढून पोचायला सर्जनला सबस्कॅप्युलॅरिस सोडवावा लागतो, कधी शीर कापून, कधी हाडाच्या पातळ टवक्यासकट. शेवटी तो परत शिवतात. हा स्नायू हात आत वळवतो, म्हणून पहिले सहा आठवडे दोन गोष्टी बंद: जोर लावून हात आत वळवणं आणि हात फार बाहेर वळवून शिवण ताणणं. कागदावर हे 'रोटेशन टाळा' असं असतं, आणि रुग्णाला त्यातून काही कळत नाही. त्याला त्याच्या घरातली कामं सांगावी लागतात. परकराची किंवा पायजम्याची नाडी खेचून बांधणं, कणीक तिंबणं, नातवाला छातीशी कवटाळणं, कुकरचं झाकण पिळून बसवणं: यात स्नायू जोर लावतो. रिक्षात बसताना बाजूची दांडी धरणं, गाडीत मागे वळून सीटबेल्ट ओढणं, बसच्या झटक्यात हात बाहेर टाकणं: यात तो ताणला जातो.

बाहेर वळवण्याची सरसकट मर्यादा ३० अंश लिहिलेली असते. इथे टेबलावरचा आकडा कामाला येतो. शिवल्यावर हात ४० अंशांपर्यंत सहज जात होता, तर ३० ठीक. २० लाच शिवण ताणत होती, तर ३० म्हणजे रोज चार वेळा ती उसवायचा प्रयत्न. अशा खांद्याला पहिला महिना १० अंशांतच ठेवावं.

आणि ही शिवण सुटली तर कशी ओळखायची? बरेचदा ती सुधारणेच्या वेषात येते. गेल्या आठवड्यात ३० अंशांवर अडणारा हात आज अलगद ६० वर जातो, शेवटी नेहमीची घट्ट अडवणूक लागत नाही. रुग्ण खूश, नवखा फिजिओही खूश. त्याच दिवशी फोन सर्जनला गेला पाहिजे. सहा आठवड्यांनंतर असा संशय आला तर तळवा पोटावर दाबायला सांगून बघा. कोपर पुढे न राहता मागे जाऊ लागलं आणि मनगट दुमडलं, तर स्नायू काम करत नाही. सहा आठवड्यांच्या आत ही तपासणी स्वतःहून करू नये, ती करताना शिवणीवरच जोर येतो.

रिव्हर्सचं भय वेगळं. तो निखळतो तो बहुधा एका ठरावीक स्थितीत: हात मागे गेलेला, अंगाशी चिकटलेला आणि आत वळलेला. रुग्णाला अंश सांगत बसू नये. एकच वाक्य सांगावं: बारा आठवडे कोपर सतत तुमच्या नजरेच्या टप्प्यात पाहिजे. समोर बघताना डोळ्याच्या कोपऱ्यातून ते दिसेनासं झालं की हात मागे गेला. उताणं झोपताना दंडाखाली घडी घातलेला टॉवेल किंवा चपटी उशी, नाहीतर गादीवर कोपर आपोआप मागे लोंबतं. पहिले काही आठवडे पाठ ३० ते ४५ अंश उंच ठेवून झोपणं बहुतेकांना सोसतं. सदरा घालताना ऑपरेशनचा हात पहिला, काढताना शेवटचा.

आता ज्या गोष्टीवर कागद हमखास गप्प असतो ती. डावा खांदा रिव्हर्स झालेल्या माणसाने शौचानंतर धुवायचं कसं? आपल्याकडे ते काम डाव्या हाताचं, आणि मागून हात नेला तर कोपर मागे, अंगाशी, आतल्या वळणात: नेमकी निखळण्याचीच स्थिती. रुग्ण लाजेने विचारत नाही, तिसऱ्या दिवशी घरी जाऊन सवयीने तेच करतो. आपणच विचारावं, तेही ऑपरेशनच्या आधी. तीन महिने उजवा हात, किंवा कमोडवर बसून थोडं पुढे झुकून पुढच्या बाजूने धुणं, किंवा जेट स्प्रे. दोन्ही खांदे बदलायची वेळ आली तर हा प्रश्न आणखी बिकट होतो, कारण रिव्हर्सनंतर हात पाठीमागे न्यायची क्षमता वर्षभरानेही अनेकदा कुल्ल्यापर्यंत किंवा जेमतेम कमरेपर्यंतच येते. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे तोच 'बिघडलेला' खांदा ठरतो.

तसंच उठण्याचं. खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन उठणं म्हणजे कोपर मागे आणि वर शरीराचं वजन. ऑपरेशनआधी ४५ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीतून एका हाताने, जमल्यास हाताशिवाय, पाच वेळा उठून दाखवायला सांगा. जमत नसेल तर आधी मांड्यांचा व्यायाम, उंच केलेला कमोड आणि चांगल्या हाताच्या बाजूला भिंतीत दांडी. भारतीय पद्धतीचा संडास, जमिनीवरची गादी, पाटावरचं जेवण तीन महिने बाजूला. बायकांसाठी पुढून हुकांचा ब्लाउज, कुणीतरी खांद्यावर पिन करून दिलेला पदर किंवा सरळ मॅक्सी. अंबाडा घालायला दुसऱ्या कुणाचे हात.

फ्रॅक्चरसाठी रिव्हर्स बसवला असेल तर वर आणखी एक नियम. दंडाच्या डोक्यावरचे उंचवटे तुटलेले असतात, सर्जन ते दोऱ्यांनी किंवा तारेने धातूभोवती बांधतो, आणि हात बाहेर वळवणारे स्नायू याच तुकड्यांना चिकटलेले असतात. ते जुळले तर रुग्ण पुढे स्वतःचे केस विंचरू शकतो. सुटले तर हात वर जातो पण बाहेर वळत नाही, घास तोंडाशी नेताना कोपर पंखासारखं बाजूला उचलावं लागतं. म्हणून इथे सहा आठवडे स्वतःच्या जोराने उचलणंही नाही आणि बाहेर वळवणंही नाही. त्यानंतरही एक्स-रेमध्ये तुकडा जागेवर दिसला तरच. झिजेसाठी बसवलेल्या रिव्हर्सला तीन-चार आठवड्यांत पट्टा काढू देणारे सर्जन आहेत, ती मोकळीक या रुग्णाला लावू नये.

बायसेप्सची शीर हलवली असेल तर आणखी एक बारीक फरक पडतो. कोपर वाकवणं-उघडणं चालतं, पण दुसऱ्या हाताच्या आधाराने. सहा आठवडे त्या हाताने भरलेला तांब्या उचलणं नको, किल्ली पिळणं नको. बाकी सगळ्यांनी पट्ट्यातून हात काढून, टेबलावर टेकवून, कोपर दिवसातून चार-पाचदा पूर्ण सरळ करावं. खांदा ठीक आणि कोपर आखडलेलं अशी मंडळी कमी नसतात. बोटांच्या मुठी तासाला दहा. हात सुजून चकचकीत झाला, स्पर्श सहन होईना, तर वाट बघू नये.

आता हात वर उचलायला शिकवणं. सगळ्यात जास्त घाई इथेच होते. सहा आठवडे झाले, पट्टा निघाला, आणि रुग्णाला बसवून सांगतात, 'उचला.' तो खांदा कानाला लावून कसाबसा ७० अंश उचलतो. त्याने डेल्टॉइडला काही शिकवलेलं नाही, मानेच्या स्नायूला शिकवलंय, आणि ती खोड मोडायला पुढे महिना जातो.

सुरुवात झोपून करायची. उताणं, दंडाखाली टॉवेल, कोपर वाकवलेलं. चांगल्या हाताने मनगट धरून हात छताकडे न्यायचा आणि कोपर सरळ करायचं. हात उभा झाला की त्याचं वजन सरळ सांध्यात उतरतं, स्नायूला जवळजवळ काही पेलावं लागत नाही. तिथे आधार हळूच सोडून पाच सेकंद धरायचा. थरथरला तरी चालेल, पडता कामा नये. हे दहा वेळा जमलं की त्याच जागी डोक्याकडे आणि पायांकडे वीतभर झुलवायचा, मग झोका वाढवत न्यायचा. पूर्ण झोका सहज जमला की हातात अर्ध्या लिटरची बाटली, निम्मी भरलेली, म्हणजे साधारण पाव किलो. त्यानंतर बाटली ठेवून द्यायची आणि पाठीमागे उशा किंवा लोड लावून ३० अंश उंच व्हायचं. परत रिकाम्या हाताने सुरुवात, मग बाटली. नंतर ४५, नंतर ६०, शेवटी ताठ बसून. पुढच्या पायरीची अट प्रत्येक वेळी तीच: दहा-दहाचे दोन फेरे, खांदा कानाकडे न उचलता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या सकाळपेक्षा जास्त नाही. अट मोडली तर एक पायरी खाली. समोर आरसा ठेवला तर खांदा उचलला जातोय हे रुग्णाला स्वतःच दिसतं, आपल्याला ओरडावं लागत नाही. कुणी हा जिना दोन आठवड्यांत चढतो, कुणाला आठ लागतात. दोन्ही ठीक.

त्याआधीच्या आठवड्यांत काय करायचं हे खांद्याच्या स्वभावावर ठरतं. ऑपरेशनआधी वर्षानुवर्षं आखडलेला खांदा परत आखडू बघतो. त्याला मर्यादेत राहून दिवसातून चार-पाच वेळा, पाच-दहा मिनिटं हालवलंच पाहिजे. ज्याची कातडी आणि सांधे मुळातच सैल, किंवा संधिवाताने शिरा पातळ झाल्यात, त्याची हालचाल आपोआप येते. त्याला पट्टा थोडा जास्त आणि ताणणं जवळपास शून्य. आधाराची हालचाल म्हणून मला ओट्यावर कोरडं फडकं सरकवणं फार आवडतं: दोन्ही तळवे फडक्यावर, कंबरेतून पुढे वाकत हात पुढे जाऊ द्यायचे, परत येताना कोपर अंगाच्या मागे जाऊ द्यायचं नाही. लंबकाचा व्यायाम सगळे देतात, पण चक्कर येणाऱ्या किंवा कंबर धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला ओणवं करण्यात अर्थ नाही. जे करतील त्यांनी शरीर झुलवून हात हलू द्यावा, छोट्या वर्तुळात. मोठी वर्तुळं काढली की स्नायू काम करू लागतात आणि तो आरामाचा व्यायाम राहत नाही.

दाराला टांगायची पुली दहाव्या दिवशी देणं मला पटत नाही. दिसायला आधाराची हालचाल, पण रुग्ण नकळत स्वतः उचलतो आणि खांदाही कानाला जातो. ती सहा आठवड्यांनंतर. आणि 'खांदा मोकळा करून देतो' म्हणणारा मालिशवाला किंवा हाडवैद्य घरात येणार आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवावं. एक जोराचा हिसका पुरतो.

रिव्हर्समध्ये उशिरा येणारी एक भानगड खास लक्षात ठेवण्यासारखी आहे. दंडाचं हाड खाली सरकल्यामुळे डेल्टॉइड कायम ताणलेला असतो आणि तो खांद्याच्या टोकावरच्या हाडाला, अक्रोमियनला, ओढत राहतो. हाड ठिसूळ असेल तर तिथे बारीक तडा जातो. काही महिन्यांनी, सगळं छान चाललेलं असताना, एकाएकी खांद्याच्या टोकावर किंवा मागे फऱ्याच्या कण्यावर, म्हणजे त्यावरच्या आडव्या उंचवट्यावर, बोटाने दाखवता येईल असं दुखू लागतं आणि काल ११० अंश जाणारा हात आज ६० वर अडतो. साध्या एक्स-रेत तडा बरेचदा नजरेतून सुटतो, सीटी स्कॅनमध्ये सापडतो. 'व्यायामाने दुखणारच' म्हणून रेटलं तर तड्याचे दोन तुकडे होतात. व्यायाम थांबवून, पट्टा परत घालून सर्जनकडे. ठिसूळ हाडांच्या बाईला म्हणूनच आधी फेरे वाढवावेत, वजन सगळ्यात शेवटी, पाव-पाव किलोने. हाडांचं औषध चालू आहे का हेही बघावं, नुसती कॅल्शियमची गोळी म्हणजे उपचार नव्हे.

मधुमेह्यांचा खांदा आखडायला टपलेला असतो आणि जखम भरायला वेळ लावतो. जखमेतून दहा दिवसांनंतरही पाझर असेल तर व्यायामाआधी ते. ताप नाही म्हणून जंतुसंसर्ग नाही, असं खांद्यात धरता येत नाही: इथला नेहमीचा जंतू, क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस, महिनोन्महिने ताप न आणता नुसतं दुखणं आणि आखडणं देत बसतो. पार्किन्सन असलेल्याचा तोल जातो आणि खांदा निखळण्याचा धोकाही जास्त, म्हणून तिथे तोलाचा व्यायाम खांद्याइतकाच महत्त्वाचा. काठी किंवा वॉकर वापरणाऱ्याला 'हातावर भार नको' सांगणं सोपं असतं, पण मग तो चालणार कशावर? काठी दुसऱ्या हातात जमते का, हे आधीच पाहून ठेवावं. विसरभोळ्या रुग्णाला व्यायामाची यादी देण्यात अर्थ नाही. एकच व्यायाम, जेवणानंतर, सूनबाईंच्या देखरेखीखाली, आणि रात्री पट्टा जास्त दिवस.

तीन महिन्यांनंतर कागद संपतो आणि माणसाचं काम सुरू होतं. कफ शाबूत असलेल्या साध्या सांध्याने १४०-१५० अंशांपर्यंत मजल मारावी अशी अपेक्षा धरता येते. रिव्हर्सला १२० ते १४० आले तर ते चांगलंच म्हणायचं, आणि एवढ्यात वरच्या फळीवरचा डबा निघतो. पोळ्या लाटायच्या असतील तर पोळपाट उभ्याने, कमरेच्या उंचीच्या ओट्यावर, आणि जोर शरीराच्या झुकण्यातून. लोकलमध्ये वरची कडी दुसऱ्या हाताने. स्कूटर चालवताना पंचाईत हँडल धरण्याची नसते, गाडी स्टँडवर चढवण्याची आणि कलली तर सावरण्याची असते. रिव्हर्सनंतर एका हाताने कायमचं किती उचलायचं याचा आकडा सर्जनागणिक बदलतो, पुष्कळांचा तो ५ ते ७ किलोंच्या घरात असतो. शेतकऱ्याला मात्र हे किलोंत सांगू नये. १६ लिटरचा फवारणीचा पंप भरून पाठीवर घेताना एक हात पट्ट्यात मागे घालावा लागतो, वरून सोळा किलोंहून जास्त वजन येतं, आणि मग दिवसभर एका हाताने दांडा मारायचा. पंप पाठीवर घेणं बंद. फवारणी भाड्याने घ्यायची किंवा चाकाचा पंप आणायचा, हा निर्णय ऑपरेशनची तारीख ठरवतानाच, हंगाम बघून, घरच्यांसमोर झालेला बरा.